लॅटिन अमेरिकेतले मूलनिवासी आणि प्रोटेस्टंट चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोपासून चिलेपर्यंत, डोंगराळ भागातल्या आणि जंगलातल्या मूलनिवासी गावांमध्ये मुख्यतः गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रोटेस्टंट चर्चं उभी राहिली. त्यामुळे गावं बदलली, काही फुटली, काही सावरली. या विषयावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. इथलं धर्मांतर समजून घ्यायचं असेल तर त्या गावातली जमीन, दारू आणि कर्ज कुणाच्या हातात होतं, हे आधी पाहावं लागतं.

प्रोटेस्टंट म्हणजे इथे नेमकं कोण?

कॅथलिक धर्म सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर आला. नंतर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या बाकीच्या ख्रिस्ती पंथांना लोक सरसकट 'एव्हांहेलिको', म्हणजे इव्हँजेलिकल, म्हणतात. त्यात प्रेस्बिटेरियन, मोरावियन, बॅप्टिस्ट, सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट असे बरेच आले, पण संख्येने सर्वांत मोठे पेंटेकोस्टल. त्यांच्या प्रार्थनेत गाणी असतात, टाळ्या असतात, आजारी माणसावर हात ठेवून प्रार्थना होते, पवित्र आत्मा अंगात संचारतो असा विश्वास असतो. पास्टर बहुतेक वेळा त्याच गावचा, तीच भाषा बोलणारा, शेतावर राबणारा माणूस. त्याला कुठल्या विद्यापीठाची पदवी लागत नाही. कॅथलिक धर्मगुरू मात्र बाहेरून यायचा आणि एकेकाकडे डझनावारी गावं असायची. पुढची वाढ एवढ्या वेगाने का झाली, याचं निम्मं उत्तर या फरकात आहे.

ही वाढ किती मोठी आहे?

प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत लॅटिन अमेरिकेतल्या प्रौढांपैकी ८४ टक्के कॅथलिक घरात वाढलेले होते, पण स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्केच उरले होते. प्रोटेस्टंट १९ टक्के होते. ग्वाटेमालात हे प्रमाण ४१ टक्क्यांवर पोचलं होतं.

मूलनिवासींमध्ये आकडा अनेकदा देशाच्या सरासरीच्या वर जातो. मेक्सिकोत २०२० च्या जनगणनेत प्रोटेस्टंट आणि इव्हँजेलिकल मिळून ११.२ टक्के होते. माया समाजांची मोठी वस्ती असलेल्या चियापास राज्यात मात्र ते जवळपास एक तृतीयांश आहेत, देशात सर्वाधिक. ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेतही स्वतःला मूलनिवासी म्हणून नोंदवणाऱ्यांत इव्हँजेलिकलांचं प्रमाण साधारण तेवढंच निघालं.

पहिल्यांदा हे आणलं कुणी?

प्रत्येक ठिकाणची कथा वेगळी आहे. निकाराग्वाच्या पूर्व किनाऱ्यावर, मिस्किटो लोकांच्या मुलखात, १८४९ मध्ये मोरावियन मिशनरी उतरले. ग्वाटेमालात १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुस्तो रुफिनो बार्रिओस यांनी प्रेस्बिटेरियन मिशनरी जॉन क्लार्क हिल यांना बोलावून घेतलं. बार्रिओस यांना कॅथलिक चर्चचा जोर मोडायचा होता आणि परदेशी भांडवल हवं होतं. त्यांच्याच राजवटीत कॉफीच्या मळ्यांसाठी माया गावांच्या जमिनी गेल्या आणि लोकांना मळ्यांवर सक्तीने राबवलं गेलं. म्हणजे ज्या सत्तेने पंथाला दार उघडलं, तिनेच जमीन काढून घेतली. माया लोक या पंथाकडे लगेच वळले नाहीत, यात नवल नाही. त्याला जवळजवळ शतक लागलं.

पेरूच्या पुनो भागात मात्र सुरुवात आयमारा या मूलनिवासी समाजातल्या एका माणसाने केली. मान्वेल सुन्यिगा कामाचो यांनी टिटिकाका सरोवराकाठच्या प्लातेरिया गावात आपल्या लोकांसाठी शाळा चालवायला घेतली आणि पुढे अ‍ॅडव्हेंटिस्ट मिशनऱ्यांची, फर्नांडो आणि आना स्टाल या दांपत्याची मदत मागितली. तिथे पुढे जे घडलं ते खाली सांगितलं आहे.

लोक का वळले? पैशासाठी?

काही ठिकाणी मदतीचा वाटा होता. पण सगळ्या गोष्टीचा खुलासा पैशाने होत नाही, कारण बहुतेक ठिकाणी धर्म बदलणाऱ्याने आधी काहीतरी गमावलेलंच दिसतं.

माया गावांमध्ये ग्रामदेवतेसारख्या मानलेल्या संतांचे उत्सव असत. दरवर्षी त्याचे मानकरी ठरत. मानकऱ्याने वर्षभर संताची सेवा करायची, फटाके, मेणबत्त्या, फुलं, वाजंत्री, जेवणावळी आणि दारू यांचा खर्च उचलायचा. मान मोठा होता, गावात शब्दाला वजन यायचं. पण त्यासाठी माणूस कर्जात बुडायचा. ते कर्ज फेडायला चियापासच्या उंच भागातले त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या माया समाजांतले पुरुष समुद्राकडच्या सोकोनुस्को भागातल्या कॉफीच्या मळ्यांवर जायचे. मळ्यांचे मुकादम गावात येऊन उचल द्यायचे, बरोबर दारूही पाजायचे. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. दारू, उत्सव, कर्ज आणि मळा ही एकच साखळी होती, आणि तिच्या प्रत्येक कडीवर कुणीतरी पैसा करत होतं.

एव्हांहेलिको झालेला माणूस दारू सोडतो, मानकरीपण नाकारतो, उत्सवाची वर्गणी देत नाही. एका फटक्यात तो या साखळीबाहेर पडतो. दुसरं मोठं कारण आजारपण. उपचार करणाऱ्याकडे कोंबड्या, मेणबत्त्या आणि दारू घेऊन पुन्हापुन्हा जाऊनही मूल बरं होत नाही, डॉक्टर दिवसभराच्या अंतरावर, आणि शेजारच्या घरात लोक फुकट प्रार्थना करायला तयार. 'आमच्या घरात आजारी माणूस होता' या वाक्याने सुरू होणाऱ्या धर्मांतराच्या कथा ग्वाटेमालापासून अर्जेंटिनाच्या चाको प्रदेशापर्यंत ऐकायला मिळतात.

सान हुआन चामुलात लोकांना गावाबाहेर का काढलं?

चियापासमधल्या या त्सोत्सिल गावाचं नाव या विषयात सतत येतं, म्हणून जरा सविस्तर.

गावचं चर्च आतून पाहिलं की बाकं कुठेच नाहीत. जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुयांचा थर. त्या बाजूला सारून लोक फरशीवर बारक्या मेणबत्त्यांच्या रांगा लावतात आणि त्यांच्यासमोर बसून पुटपुटत प्रार्थना करतात. भिंतींशी काचेच्या पेट्यांत संत उभे. एखादी उपचार करणारी बाई आजारी माणसाच्या अंगावरून कोंबडी फिरवते, शेजारी 'पोश' नावाची उसाची दारू आणि कोलाच्या बाटल्या ठेवलेल्या. धूप एवढा की छत दिसत नाही. ही श्रद्धा खरी आहे, तिची खोली खरी आहे, आणि बाहेरच्याने तिला खुळचट म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पण त्या मेणबत्त्या, तो पोश, त्या बाटल्या कोण विकत होतं? विसाव्या शतकाच्या मध्यापासून गावातली मोजकी घराणी नगरपालिका, दारूचा व्यापार, शीतपेयांचं वितरण, वाहतूक आणि सावकारी स्वतःकडे ठेवून होती. निवडणुकीत सत्ताधारी पीआरआय पक्षाला गावाची एकगठ्ठा मतं मिळत, बदल्यात राज्य सरकार गावात लक्ष घालत नसे. एव्हांहेलिको होणारा माणूस या सगळ्यांचं गिऱ्हाईक राहत नव्हता. शिवाय तो नगरपालिकेच्या पैशाचा हिशेब मागायला लागला होता.

१९७४ पासून हाकलणं सुरू झालं. घरं जाळली, शेतं आणि मेंढ्या गेल्या, बायकांवर अत्याचार झाले. हाकललेल्यांत केवळ प्रोटेस्टंट नव्हते. तिथले कॅथलिक बिशप सामुएल रुइस यांच्या धर्मशिक्षकांनाही गावाने बाहेर काढलं, धर्मप्रांताशी संबंध तोडले आणि तुश्त्ला शहरातल्या एका वेगळ्या ऑर्थोडॉक्स चर्चशी जोडून घेतलं. हे फक्त प्रोटेस्टंटविरोधी पाऊल होतं असं म्हणणाऱ्याला या गोष्टीचा खुलासा करता येत नाही. १९८१ मध्ये चामुलातल्या एव्हांहेलिकोंचे नेते मिगेल गोमेस एर्नांदेस, ज्यांना लोक 'काश्लान' म्हणत, त्यांची हत्या झाली. पुढच्या दोन दशकांत हाकललेल्यांचा आकडा तीस हजारांच्या आसपास गेला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

हाकललेले लोक गेले कुठे?

बरेचसे शेजारच्या सान क्रिस्तोबाल दे लास कासास शहराच्या कडेला. नुएव्हा एस्पेरान्सा, ला ओर्मिगा अशा वस्त्या त्यांनी उभ्या केल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शहरात मूलनिवासी माणसाने फुटपाथवरून चालायचं नाही, गोरा आला की रस्त्यावर उतरायचं, असा रिवाज होता. त्याच शहरात हाकललेल्या त्सोत्सिलांनी भाजीबाजार, टॅक्सी आणि हस्तकलेच्या विक्रीत जम बसवला, संघटना केल्या, रस्ते अडवले, प्रतिनिधी निवडून दिले. घर गेल्याची भरपाई यातून होत नाही. पण त्यांना केवळ बळी म्हणून पाहणं हाही त्यांच्यावर अन्यायच. १९९० च्या दशकात यांच्यातलेच काही जण मुसलमान झाले, आणि आज शहरात त्सोत्सिल बोलणारी मुस्लिम वस्ती आहे. एकदा गावकीचा धर्म सुटला की माणूस पुढेही निवड करत राहतो.

म्हणजे जुनी परंपरा प्रोटेस्टंटांनी मोडली हे खरं नाही?

अर्धंच खरं आहे. ग्वाटेमालात संतांच्या मंडळांवर पहिला मोठा घाव कॅथलिक चर्चने स्वतः घातला. १९३० च्या दशकापासून 'अ‍ॅक्सिओन कातोलिका' या चळवळीने तरुण माया धर्मशिक्षकांना हाताशी धरून दारू, नवस, डोंगरावरच्या पूजा, वडीलधाऱ्यांची सत्ता यांवर टीका सुरू केली. गावागावांत बाप-मुलांमध्ये भांडणं झाली. इव्हँजेलिकल पास्टर आले तेव्हा भेग पडलेलीच होती. त्यांनी ती रुंदावली, हेही तितकंच खरं. अनेक पास्टरांनी माया पंचांग पाहणाऱ्या पुजाऱ्यांना सैतानाचे चाकर ठरवलं, मक्याच्या शेतातले विधी बंद पाडले, आणि ज्या म्हाताऱ्यांकडे ते ज्ञान होतं ते शिष्य न मिळताच गेले. हे नुकसान भरून निघणारं नाही. त्याची जबाबदारी त्या पास्टरांनी आणि त्यांना शिकवणाऱ्या मिशनऱ्यांनी घ्यायला हवी.

ग्वाटेमालातल्या नरसंहाराशी प्रोटेस्टंट चर्चचा काय संबंध?

हा या पानावरचा सर्वांत जड प्रश्न आहे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी ग्वाटेमालाचं लष्कर कॅथलिक धर्मशिक्षक आणि धर्मगुरूंना सरकारविरोधी गनिमी लढवय्यांचे साथीदार समजून मारत होतं. एल किचे भागात इतके धर्मगुरू मारले गेले की १९८० मध्ये बिशप हुआन हेरार्दी यांनी आपला धर्मप्रांतच बंद केला. अशा वेळी गावातल्या माणसाने काय करायचं? हातात बायबल घेऊन रोज संध्याकाळी इव्हँजेलिकल प्रार्थनेला बसणारा माणूस लष्कराच्या नजरेत कमी संशयित होता. अनेकांनी जीव वाचवण्यासाठी चर्च बदललं. त्यातल्या कित्येकांची श्रद्धा पुढे खरी झाली, कारण आप्तेष्टांची कत्तल पाहिलेल्या लोकांना रोज एकत्र बसून मोठ्याने रडायची आणि गायची ती एकच जागा उरली होती.

मार्च १९८२ मध्ये जनरल एफ्राइन रिओस माँट सत्तेवर आले. ते स्वतः 'एल व्हर्बो' या कॅलिफोर्नियाहून आलेल्या चर्चचे सदस्य. दर रविवारी टीव्हीवर ते कुटुंब आणि नीतीवर प्रवचन देत. त्याच महिन्यांत इशिल या माया लोकांच्या प्रदेशात गावंच्या गावं जाळली जात होती. सोबत 'बंदुका आणि घेवडा' ही योजना होती, शरण येणाऱ्याला अन्न आणि नकार देणाऱ्याला गोळी. एल व्हर्बोशी जोडलेली मदतसंस्था लष्कराच्या ताब्यातल्या छावण्यांमध्ये काम करत होती, आणि अमेरिकेतले काही नामांकित टीव्ही-प्रचारक रिओस माँट यांचं उघड कौतुक करत होते.

सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांवर माणसं, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, आणि ९३ टक्के अत्याचार सरकारी फौजा व त्यांच्या हस्तकांकडून. १० मे २०१३ रोजी ग्वाटेमालाच्या न्यायालयाने रिओस माँट यांना इशिल लोकांचा नरसंहार आणि मानवतेविरोधी गुन्हे यांबद्दल ८० वर्षांची शिक्षा सुनावली. दहा दिवसांत घटना न्यायालयाने ती रद्द केली. फेरखटला संपण्याआधी, २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्या काळात बहुतेक इव्हँजेलिकल चर्चं गप्प राहिली. माझ्या मते ते मौन हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा डाग आहे. पण त्याच पंथातली दुसरी माणसंही नोंदवली पाहिजेत. काक्चिकेल या माया लोकांच्या प्रेस्बिटेरियन मंडळाने विधवांबरोबर आणि मानवी हक्कांसाठी काम केलं, आणि त्यापायी त्यांचे पास्टर मान्वेल साकिक यांची १९९५ मध्ये हत्या झाली.

१९७६ च्या भूकंपानंतर लोकांना छपराचे पत्रे देऊन धर्मांतर केलं, हे खरं का?

४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात ग्वाटेमालात सुमारे २३ हजार माणसं गेली. मदतीसोबत अनेक अमेरिकन चर्चं आली आणि त्यानंतर वाढीचा वेग ठळकपणे चढला. पत्र्याच्या बदल्यात आत्मे, असं लोक तेव्हाच म्हणू लागले होते. काही संस्थांनी तसं केलंही. पण पत्र्यासाठी आलेला माणूस वीस-तीस वर्षं टिकत नाही, आणि हे लोक टिकले.

मिशनऱ्यांनी भाषा वाचवल्या की मारल्या?

विल्यम कॅमेरन टाउनसेंड १९१७ मध्ये ग्वाटेमालात स्पॅनिश बायबल विकायला आले. काक्चिकेल गावांत स्पॅनिश पुस्तक घ्यायला कुणी तयार होईना, कारण ते वाचणार कोण. ते तिथेच राहिले, भाषा शिकले आणि १९३१ मध्ये काक्चिकेल भाषेतला नवा करार छापून झाला. १९३४ मध्ये त्यांनी समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स या भाषा अभ्यासणाऱ्या मिशनरी संस्थेचा पाया घातला. मेक्सिकोचे डावे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी या संस्थेला देशात जागा दिली, १९३६ मध्ये तेतेलसिंगो या नाहुआ गावात ते टाउनसेंडना स्वतः भेटायला गेले. कॅथलिक चर्चला बाजूला ठेवून मूलनिवासींना शिक्षण द्यायचं, हा कार्देनास यांचा हिशेब होता.

त्यानंतरच्या दशकांत शेकडो भाषांची व्याकरणं, शब्दकोश आणि वाचनपाठ तयार झाले. त्यातले बरेच आजही उपयोगी पडतात. शाळा जेव्हा स्पॅनिश न बोलणाऱ्या मुलाला मार देत होती, तेव्हा चर्चमध्ये त्याच्या आईच्या भाषेत वाचन चाललं होतं. त्याच वेळी ही संस्था बोलणाऱ्यांना विचारून चालत नव्हती, कुठलं साहित्य छापायचं ते तीच ठरवत होती, आणि जुन्या कथा, मंत्र, सूर्य-चंद्राच्या गोष्टी त्या यादीत क्वचितच बसत. १९७९ मध्ये मेक्सिकोने तिच्याशी केलेला करार संपवला आणि १९८१ मध्ये इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष हाइमे रोल्दोस यांनी तिला देशाबाहेर काढण्याचा आदेश दिला. मूलनिवासी संघटनाही तेव्हा तेच मागत होत्या.

दारू सुटल्याने खरंच फरक पडला?

हो. ग्वाटेमालातलं आल्मोलोंगा हे किचे माया लोकांचं गाव याचं नेहमीचं उदाहरण. १९७० च्या दशकापासून तिथली बहुसंख्य माणसं इव्हँजेलिकल झाली. तिथली गाजरं आणि कोबी ट्रक भरभरून शेजारच्या देशांत जातात. प्रचारक हे सगळं चमत्कारात बसवतात. त्या खोऱ्यातली काळी माती, बारमाही पाणी आणि बाजारपेठेची जवळीक यांचा उल्लेख ते करत नाहीत, तो करायला हवा. तरीही घरातला पुरुष पिणं थांबवतो तेव्हा त्या घरात पैसा उरतो आणि मार थांबतो, ही गोष्ट कुठल्याही आकडेवारीशिवाय त्या घरातल्या बाईला कळते.

बायकांचं काय?

धर्म बदलण्यात अनेक घरांत बायका पुढे होत्या, नवरा मागून आला. प्रार्थनेत त्या बोलतात, साक्ष देतात, आजाऱ्यांवर हात ठेवतात. गावकीत त्यांना एवढा आवाज नव्हता. पण पास्टर जवळपास सगळीकडे पुरुष, आणि 'नवरा हा कुटुंबाचा मस्तक' हे वचन रोजचं. हिंसा सोसूनही संसार टिकव, असा सल्ला देणारे पास्टर आहेत. पोशाखावर फारसा परिणाम झाला नाही. ग्वाटेमालाच्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये बायका अजून आपल्या गावाचं हातमागाचं विणकाम घालूनच येतात.

धर्म बदलला की मूलनिवासी हक्कांची लढाई थंड पडते का?

असं बरेच अभ्यासक समजत होते. इक्वेडोरने त्यांना खोटं ठरवलं.

चिम्बोरासो प्रांतातल्या किचुआ लोकांमध्ये प्रोटेस्टंट मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं, पण अनेक दशकं हाताला फारसं काही लागलं नाही. १९६४ च्या जमीन सुधारणेनंतर जमीनदाराची पकड सैल झाली, मागोमाग माणसं झपाट्याने वळली. क्विटोहून १९३१ पासून चालणाऱ्या एचसीजेबी रेडिओवर किचुआ भाषेतले कार्यक्रम ऐकू येत होते. १९८० मध्ये या इव्हँजेलिकल किचुआंनी 'फेइने' ही स्वतःची संघटना काढली. सुरुवातीला ती कोनाइए या मोठ्या मूलनिवासी महासंघाशी फटकून राहिली, २००१ च्या उठावात मात्र बरोबरीने रस्त्यावर उतरली. जून २०२२ च्या देशव्यापी संपात तर ३० तारखेच्या समझोत्यावर कोनाइए आणि फेनोसिन या दुसऱ्या संघटनेसह फेइनेचीही सही आहे, आणि मध्यस्थी कॅथलिक बिशपांच्या परिषदेने केली.

पेरूचा प्रसंग याहून जुना. ३ मार्च १९१३ रोजी पुनोचे बिशप व्हालेन्तिन आम्पुएरो घोडेस्वारांचा मोठा जमाव घेऊन प्लातेरियात आले. स्टाल दांपत्य गावात नव्हतं. बिशपांनी जमलेल्या आयमारांना गुडघे टेकून हाताचं चुंबन घ्यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. मग मिशनचं दार फोडलं गेलं, सामान विस्कटलं, आणि कामाचो यांच्यासह आठ जणांना बांधून पुनोच्या तुरुंगात नेलं. लिमाच्या वर्तमानपत्रांत आणि संसदेत यावरून गदारोळ झाला, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये पेरूने राज्यघटनेतली इतर पंथांच्या जाहीर उपासनेवरची बंदी उठवली. जमीनदारांना भीती बायबलची नव्हतीच. वाचायला शिकलेला आयमारा आपल्या जमिनीची कागदपत्रं स्वतः वाचू लागला असता.

निकाराग्वाच्या मिस्किटोंचं मोरावियन चर्च १९८० च्या दशकात सान्दिनिस्ता सरकारशी झालेल्या संघर्षात गावांच्या बाजूने उभं राहिलं आणि मध्यस्थीही केली. १९८७ मध्ये किनारपट्टीला स्वायत्ततेचा कायदा मिळाला.

ख्रिस्ती झाल्यावर जुनं सगळं संपतं?

अर्जेंटिनाच्या चाकोतल्या कोम लोकांकडे पाहा. १९ जुलै १९२४ ला नापाल्पी इथे पोलिसांनी आणि वसाहतवाल्यांनी कोम आणि मोकोइत मजुरांची कत्तल केली. त्यानंतरच्या पिढीत कोमांनी पेंटेकोस्टल प्रार्थना उचलली. १९५० च्या दशकात तिथल्या मेनोनाइट मिशनऱ्यांनी एक दुर्मीळ निर्णय घेतला, आपलं चर्च काढायचं नाही, कोमांच्या चर्चला फक्त साथ द्यायची. त्यातून 'इग्लेसिया एव्हांहेलिका उनिदा' हे मूलनिवासींनीच चालवलेलं चर्च नोंदलं गेलं. तिथल्या उपासनेत नाच आहे, स्वप्नातून मिळणारा संदेश आहे, उपचाराची शक्ती आहे. जुन्या पियोगोनाक, म्हणजे उपचार करणाऱ्यांच्या विद्येशी याचं नातं ओळखू येतं. मिशनऱ्याने मागे राहून ऐकलं की काय उभं राहू शकतं, याचं मला ठाऊक असलेलं हे सर्वांत चांगलं उदाहरण.

जंगलातल्या, बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या समूहांबद्दल काय?

इथे माझं मत पूर्ण वेगळं आहे. वरच्या सगळ्या ठिकाणी माणसाला निवड होती, कठीण का होईना. दूर राहणाऱ्या समूहांना ती मिळतच नाही, कारण मिशनऱ्याबरोबर येणारा साधा फ्लूसुद्धा त्यांचा जीव घेतो.

इक्वेडोरमध्ये ८ जानेवारी १९५६ रोजी वाओरानी या जंगलातल्या लोकांनी पाच अमेरिकन मिशनऱ्यांना कुराराय नदीच्या काठावर भाल्यांनी मारलं. मृतांपैकी नेट सेंट यांची बहीण रेचल सेंट पुढे त्यांच्यातच राहायला गेली. आपसातल्या सूडाच्या हत्या कमी झाल्या, हे वाओरानी स्वतः सांगतात. पण विखुरलेल्या कुटुंबांना एका लहान क्षेत्रात गोळा केलं गेलं, १९६९ मध्ये तिथे पोलिओ पसरला, आणि मोकळ्या झालेल्या जंगलात तेल कंपन्यांना वाट मिळाली. त्याच लोकांच्या नातवंडांनी २०१९ मध्ये पास्तासाच्या न्यायालयात सरकारला तेलाच्या लिलावापासून रोखलं.

पॅराग्वेत न्यू ट्राइब्ज मिशन या अमेरिकन मिशनरी संस्थेच्या वस्तीतल्या आयोरेओ मूलनिवासींना १९८६ मध्ये जंगलातल्या तोतोबिएगोसोदे या आयोरेओंच्याच दुसऱ्या गटाला आणायला पाठवलं गेलं. चकमकीत वस्तीतले पाच जण मेले. ब्राझीलमध्ये याच मिशनने १९८७ मध्ये झोए लोकांशी संपर्क साधला, रोगराई पसरली, आणि १९९१ मध्ये फुनाई या सरकारी संस्थेने मिशनला बाहेर काढलं. तरी २०२० मध्ये ब्राझील सरकारने याच मिशनच्या एका माजी मिशनऱ्याला एकाकी समूहांच्या विभागाचा प्रमुख नेमलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जावारी खोऱ्यातल्या मूलनिवासी संघटनेने न्यायालयातून मिशनऱ्यांना प्रवेशबंदी मिळवली, आणि वर्ष सरायच्या आत तो अधिकारीही पदावरून गेला. ही लढाई लढणाऱ्या मूलनिवासींपैकी काही जण स्वतः ख्रिस्ती आहेत.

आजही गावातून हाकलतात का? कायदा काय म्हणतो?

हाकलतात. एप्रिल २०२४ मध्ये मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यात, उएहुत्लाजवळच्या कोआमिला आणि रांचो नुएव्हो या गावांतून दीडशेच्या आसपास बॅप्टिस्टांना घरं सोडावी लागली. वीज तोडली, वाटा अडवल्या.

मेक्सिकोच्या राज्यघटनेचं २४ वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं. २००१ पासून दुसरं कलम मूलनिवासी गावांना आपल्या रूढींनुसार कारभार करायचा हक्क देतं, पण व्यक्तीचे मूलभूत हक्क राखूनच. म्हणजे कागदावर गोंधळ नाही. अडचण अंमलबजावणीत आहे. नगरपालिका आणि राज्याचे अधिकारी खटला दाखल करण्याऐवजी तोंडी किंवा लेखी तडजोड घडवतात, त्यात परतणाऱ्याने उत्सवाची वर्गणी द्यायची किंवा गावात प्रार्थना भरवायची नाही अशा अटी असतात. हाकलणाऱ्याला शिक्षा जवळजवळ कधीच होत नाही. काही गावांनी मात्र स्वतःच तोडगा काढला आहे. एव्हांहेलिको संताच्या उत्सवाचे पैसे देत नाहीत, त्याऐवजी शाळेची भिंत, रस्ता, पाण्याची टाकी यांवरचं श्रमदान पूर्ण करतात, आणि गावसभेत त्यांचं मत धरलं जातं.